वाटी बुडाली तरच मजुरी

"वाटी बुडाली नाही, तर मजुरी नाही!" आंबेघाटचे महाराज गरजले.

तात्याबा लोहार तेलकट हात धोतराला पुसत उभाच राहिला. वाड्यासमोर महाराजांची मोटार अडली होती. तात्याबानं झाकण उघडलं, कान लावला, पेट्रोलच्या नळीतला कचरा फुंकून काढला आणि गाडी धडधडायला लागली! पण महाराजांनी नवा कायदा काढला होता. काम सुरू झालं की घंगाळातल्या पाण्यावर भोकाची वाटी सोडायची. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. जेवढ्या घटका, तेवढे रुपये. आणि आज वाटी डौलात तरंगत होती.

मागच्या खेपेला शहरातला मिस्त्री दिवसभर गाडीखाली आडवा होता. चक्क घोरत होता! जाताना वाटीच्याच हिशेबानं थैली भरून घेऊन गेला.

'मर मेल्या तात्याबा!' त्यानं स्वतःलाच शिव्या घातल्या. 'तुला कसली एवढी घाई झाली होती? घोरायचीसुद्धा अक्कल नाही!' घरी बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "आज रिकाम्या हातानं आलात, तर तुमचा भाता विकून शेळी घेईन. शेळी दूध तरी देते!" आणि खरं सांगायचं तर त्यालाही शेळीचीच बाजू पटत होती. पण भाता गेला तर लोहारानं करायचं काय?

त्यानं हात जोडले. "सरकार, चूक माझीच. मला रेंगाळता येत नाही. पण एवढा चांगला कायदा मोटारीपुरताच का? वाड्यात सगळ्यांनाच लावा की! चार शहाण्यांकडून मलाही शिकता येईल."

"लावला!" महाराज हट्टाला पेटले. "उद्यापासून वाड्यात सगळ्यांना वाटीवर मजुरी!"

दिवाणजींनी महाराजांचे डोळे पाहिले आणि कायदा वहीत उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी राजकन्येला बघायला पाहुणे यायचे होते. त्यांना आणायला महाराज स्वतः मोटारीनं नदीपर्यंत जाणार होते. गणू न्हाव्यानं एक गाल केला आणि वस्तरा परजत बसला.

"अरे, दुसरा गाल?"

"करतो की, सरकार! धार कशी निगुतीनं लावावी लागते."

तिकडे आचारी डाळीचा दाणा न् दाणा उन्हात धरून खडा शोधत होता. हुजऱ्यानं एक जोडा आणला आणि दुसरा आणायला जो गेला, तो गेलाच! त्यात मोटार पुन्हा बंद पडल्याची वर्दी आली.

महाराज पोटात कावळे, एका गालावर फेस आणि एका पायात जोडा अशा थाटात चौकात धावत आले. बघतात तर तात्याबा गाडीचा भोंगा मायेनं पुसत बसलेला!

"अरे गाढवा, करतोस काय?"

"शिकतोय, सरकार! कालपर्यंत नुसता गाढव होतो, आज शहाणा गाढव झालो. बघा, तिसरी वाटी बुडाली!"

"पाहुणे नदीवर खोळंबलेत! माझा वेळ चाललाय!"

"सरकार," तात्याबा भोंग्यावरचा हात न काढता म्हणाला, "काल मी तुमचा वेळ वाचवला आणि तुम्ही माझी मजुरी बुडवलीत. आज मी माझी मजुरी वाचवतोय. तुमचा वेळ आता तुम्हीच वाचवा!"

तात्याबानं मनातच हिशेब केला. 'भाता तर जाणारच, आता डोकंही जातंय. आणि डोकं विकून तर शेळीही येणार नाही!'

महाराजांनी गालाला हात लावला. बोटाला फेस लागला. खाली आपल्या एकुलत्या एका जोड्याकडे पाहिलं आणि असे खो खो हसले की फेस दिवाणजींच्या पागोट्यावर उडाला!

"शाबास! वाटी मीच सोडली आणि बुडालोही मीच! दिवाणजी, आजपासून कामाचा दर आधी ठरवायचा, मग झाकण उघडायचं. काम पटकन झालं तरी मजुरी पुरी! याची कालची बुडलेली आत्ता द्या. आणि हे घे!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तात्याबाच्या तेलकट मुठीत कोंबलं. "चल, आता चालव हात! किती वेळ लागेल?"

तात्याबानं गाडीचं दार अदबीनं उघडलं.

"बसा, सरकार. गाडी पहिली वाटी बुडायच्या आतच झालीय!"