म्हाताऱ्या पंपाचं तेल

चूक म्हाताऱ्या पंपाचीच होती. फार वर्षांपूर्वी एका पेटीतली हवा ओढून तो आत निर्वात पोकळी राखायचा, म्हणून चांदीच्या अणूंचे इवले इवले पुंजके हवेला न धडकता आतल्या काचेवर अलगद बसायचे.

एकदा पेटीतला दाब दाखवणाऱ्या मापकाची सुई म्हणाली, "आजोबा, तुमचं तेल जळलंय. त्याची वाफ पेटीत येतेय. थांबा ना जरा!"

"कालची पोर तू! मला शिकवतेस?" पंप धापा टाकत गुरगुरला. थकलो म्हणायची त्याला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

पुंजके आले. काच तेलकट झालेली. बिचारे घसरले, एकमेकांवर आदळले आणि सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला.

"आजोबा, आमची जागा कुठाय?" गोळ्यातून आवाज आला.

तेल बदलायला अर्धा तास लागला असता. तो बदलला नाही म्हणून पंपालाच काढून टाकलं, आणि त्याची जागा कायमची गेली.