मोडक्या टोकाचा खंजीर

बंदराच्या एका गावात एक शेठ राहायचा. त्याला जुन्या स्पॅनिश खंजिरांचा भारी नाद. जहाजावरून एखादा गंजका खंजीर आला रे आला की हा घरी आणणार, घासूनपुसून, तेल लावून, मूठ नव्यानं बांधून लखलखीत करणार. हात कसबी होता, त्यात वादच नाही.

एकदा गावातला एक म्हातारा टोक मोडलेला खंजीर घेऊन त्याच्याकडे आला.

"शेठ, हा तुमच्याकडे राहू दे. घरात नातवंडं आहेत. तरुणपणी होडीच्या वाटणीवरून मी धाकट्या भावावर यानंच वार केला होता. दहा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मग आई गेली, तेव्हा दोघांनी मिळून धक्क्यावरच्या दगडावर याचं टोक मोडलं. तेव्हापासून गोडीनं राहतोय. टोक तेवढं असंच ठेवा."

"ठेवीन की," शेठ म्हणाला.

शब्द दिला खरा, पण नादिष्ट माणसाचा शब्द तो. कपाटात बाकीचे खंजीर कसे अणकुचीदार, आणि मध्येच हे थोटूक. रोज त्याच्या डोळ्यांत सलायचं. गुडघे धरलेला म्हातारा कशाला येतोय बघायला, असं म्हणत शेठनं महिनाभर खपून नवं टोक बसवलं. जोड शोधूनही सापडेना.

खंडेनवमीला त्यानं सगळे खंजीर पाटावर मांडून पूजा केली. बघायला गाव लोटलं. म्हाताऱ्याचा धाकटा भाऊही फूल वाहायला आला आणि त्या खंजिरापाशी थबकला.

"शेठ, हे टोक दादानं बसवून घेतलं का?"

पाहुणे नुकतेच शेठच्या हाताची तारीफ करत होते. त्यांच्यासमोर शब्द मोडल्याचं कबूल कसं करायचं? शेठ गप्प बसला. धाकट्यानं काय समजायचं ते समजून घेतलं आणि फूल न वाहताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दसरा. थोरला सकाळपासून ओट्यावर वाट बघत बसला होता. तिन्हीसांज झाली तरी धाकटा सोनं द्यायला आला नाही. हे शेठच्या कानावर आलं. तो धाकट्याकडे धावला, सगळं खरं सांगितलं.

"काल विचारलं तेव्हा तुमच्या तोंडाला कुलूप होतं का?" धाकटा म्हणाला. "आज दादाची बाजू घ्यायला आलात, दुसरं काय." त्यानं दार लावून घेतलं.

मग शेठनं आपल्या हातानं ते टोक तोडलं. थोरल्याकडे जाऊन घडलं ते सांगितलं आणि खंजीर पुढे ठेवला. "चुकलो मी. होता तसा करून आणलाय."

म्हाताऱ्यानं खंजिराला हात लावला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"तसा कुठला, शेठ," तो म्हणाला. "तेव्हा टोक आम्ही दोघांनी मिळून मोडलं होतं. आज तुम्ही एकट्यानं मोडलंत."

तात्पर्य: मोडलेलं सगळंच काही बिघडलेलं नसतं. दुसऱ्याच्या वस्तूला हात घालण्याआधी त्याला विचारावं, आणि चूक झालीच तर विचारल्या क्षणी कबूल करावी. नंतर केलेली दुरुस्ती फार वेळा उशिरा पोचते.