मारुतीचा फोटो दाराबाहेर

जयसिंगला आपल्या व्यायामशाळेची भारी मिजास. त्यानं प्रखर दिव्यांच्या उजेडानं अंग सावळं करायचं मशीन आणलं. त्यात झोपलं की शरीरसौष्ठव स्पर्धेच्या दिव्यांखाली स्नायू उठून दिसतात म्हणे. नगरपालिकेनं नियम काढला, अठराच्या आतल्या पोरांना त्यात झोपवायचं नाही, कातडीचा कॅन्सर होतो. हा गडी ऐकेल तर शपथ.

आरोग्य निरीक्षक खरातबाई दाराबाहेरच्या मारुतीच्या फोटोला हात जोडून थेट आत शिरल्या. शाळकरी पोरं उघड्या अंगानं रांगेत उभी होती. आम्ही गल्लीतले सगळे दारात गोळा झालो.

"हे सकाळचं कोवळं ऊन आहे, बाई," जयसिंग गुरकावला. "अपाय दाखवा, नाहीतर बदलीची तयारी करा. आमदार आपल्या घरचेच आहेत."

बाईंनी भिंतीवरचा रिकामा खिळा बघितला. "तालमीत मारुती आत असतो, दादा. तुमचा दाराबाहेर कसा?"

"आतच होता की. या उजेडानं महिन्यात पार विटला. नवा आणून बाहेर लावला. देवाला जपायला नको?"

"जपायलाच हवं. कागदाच्या मारुतीला जे सोसलं नाही, ते या पोरांच्या कातडीला सोसेल होय?"

जयसिंगनं रांगेकडे बघितलं. रांगेत पहिला त्याचाच मुलगा होता. पोरानं गुपचूप सदरा चढवला, आणि मशीनचा प्लग जयसिंगनं स्वतःच्या हातानं उपटला.