हिवरदरीचा हातकातळ

हिवरदरीला लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना एक गोष्ट हमखास नवलाची वाटते. गावाच्या खालच्या अंगाला तळं आहे आणि तळ्याच्या काठाशी एक काळा, बसका कातळ. विहिणीच्या पंगतीआधी मुलाच्या आईला तिथे नेऊन बसवतात. मुलीकडची गाणारी बाई तिच्या शेजारी टेकते, तिचा उजवा हात आपल्या हातात घेते आणि मग थट्टेची गाणी सुरू होतात. दुसऱ्या गावांत ही गाणी लांबून, घोळक्यात उभं राहून म्हणतात; कोण म्हणालं ते कळूही नये अशी. इथे हात धरल्याशिवाय एक ओळ चालत नाही. कातळाचं नावच हातकातळ. पाहुणा विचारतोच, हे काय म्हणून. मग गावातलं कुणीतरी म्हातारं माणूस सांगायला बसतं.

फार मागे या गावात गजराक्का नावाची बाई होती म्हणे. लग्न कुणाचंही असो, थट्टेची गाणी तिचीच. पाठ केलेलं ती म्हणायची नाही. विहीण मांडवात आली की तिची चाल बघायची, लुगडं बघायचं, ताटावरचा हात बघायचा आणि तिथल्या तिथे ओळ जुळवायची. "मी डोळ्यांनी बघते तेच गाते, पदरचं काही घालत नाही," असं ती अभिमानाने सांगे. आणि ते खरंही होतं.

तिची पुतणी मंजुळा आईबापाविना तिच्याच घरी वाढलेली. तिचं लग्न आंबेदरीच्या तान्हूबाईच्या मुलाशी ठरलं. आपल्याच घरचं कार्य, तेव्हा गजराक्काच्या आवाजाला त्या दिवशी भलताच जोर चढला होता, असं सांगतात.

विहिणीची पंगत बसली. तान्हूबाईने आपल्या पानाशेजारी आणखी एक पाट मांडायला लावला, त्यापुढे पान घ्यायला लावलं, त्यावर लापशी वाढून घेतली. पाट रिकामाच. गजराक्काला एवढं पुरे होतं. तिने सूर धरला:

विहीणबाई आली गं, आंबेदरीची राणी,
दोन पानं चाटली तरी रिकामी गोणी!

मांडव हसून लोळला. तान्हूबाईसुद्धा हसली. रीत अशी, की गाण्याला मुलाकडच्या करवलीने, म्हणजे नवऱ्याच्या बहिणीने, उलट गाण्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही. गजराक्काला वाटलं, जिंकली! तिने तेच गाणं आणखी दोनदा म्हटलं. तान्हूबाई दोन्ही वेळा हसली, पदराने तोंड पुसलं आणि घासही न घेता उठून तळ्याकडे गेली.

आता विहीण उपाशी उठली तर सून नेत नाहीत, असा त्या काळचा दंडक. मांडवात कुजबुज सुरू झाली. मंजुळा बाशिंगासकट कोपऱ्यात जाऊन बसली. गजराक्का तणतणत आंबेदरीच्या एका म्हातारीला म्हणाली, "थट्टेच्या गाण्याचा राग धरतं का कुणी? आणि ती तर हसत होती की!"

"हसंल नाही तर काय करंल बाई? मांडव तिच्या पोराचा," म्हातारी म्हणाली. "ते दुसरं पान बयनाचं. तिची लेक. करवली व्हायची होती आज. माघात देवी आल्या अंगावर, त्यातच गेली."

गजराक्काच्या तोंडचं पाणी पळालं. तिने गायलं होतं ते डोळ्यांनी पाहिलेलंच होतं. पानं दोन होती. पाट रिकामा होता. त्या पाटाकडे बघण्यात मात्र विहिणीच्या हाताकडे बघायचं राहून गेलं होतं.

ती तळ्यावर गेली. तान्हूबाई कातळावर बसली होती. गजराक्का शेजारी टेकली. तिने नुसता विहिणीचा हात हातात घेतला. तो हात पाण्यातून काढलेल्या मासोळीसारखा थरथरत होता.

"मी रागावले नाही, विहीणबाई," तान्हूबाई म्हणाली. "खोटं वाटेल तुम्हाला, पण घासच उतरत नाही."

गजराक्का माफी मागायला गेली होती. पण तोंडून भलतंच निघालं. तिने विचारलं, "बयना असती तर मला काय उत्तर दिलं असतं तिनं?"

माघापासून बयनाचं नाव तान्हूबाईपुढे कुणी घेतलं नव्हतं म्हणे. माणसं तिला जपत होती. तान्हूबाईने पदर सावरला. मग म्हणाली, "तिनं? तिनं तुम्हाला सोडलं नसतं." आणि हळू आवाजात, लेकीच्याच चालीवर तिने म्हटलं:

गजरीच्या तोंडाला कडी ना कोयंडा,
जीभ धरा सांडशीनं, वर ठेवा धोंडा!

गजराक्का आधी हसली, मग रडली. तान्हूबाईचंही तेच झालं. "पुन्हा म्हणा," गजराक्का म्हणाली, "नीट लागला नाही धोंडा." असं तीन वेळा झालं आणि तिसऱ्या वेळी हातातला हात शांत झाला. दोघी उठून मांडवात आल्या. तान्हूबाईने आपल्या पानावर बसून लापशी खाल्ली, शेजारच्या पानावरचा एक घास मंजुळाला भरवला आणि दिवस कलायच्या आत सून घेऊन गेली.

गजराक्काने गाणी सोडली नाहीत. सोडली असती तर बयनाला काय वाटलं असतं, असं ती म्हणे. पण विहिणीचा हात हातात घेतल्याशिवाय ओळ जुळवायची नाही, हे तिने त्या कातळावर कबूल केलं आणि पुढच्या बायांनी तेच उचललं. दोघींच्या हळदीच्या हातांचे ठसे कातळावर उमटले होते, असंही सांगतात. पुष्कळांनी वाकून वाकून पाहिलं, कुणाला दिसले नाहीत.

आजही हिवरदरीत गाणं ऐन रंगात असताना कधीकधी गाणारी मधेच थांबते. हातातला हात थरथरला, हे तिला एकटीलाच कळलेलं असतं. राहिलेली ओळ तिला कुणी विचारत नाही, विहिणीलाही कुणी काही विचारत नाही. थोडं पाणी वगैरे दिलं जातं. मग गाणारी तो हात न सोडता म्हणते, "माझं झालं विहीणबाई, आता तुम्ही मला म्हणा."