तीन भांडी आणि लखूचा तांब्याचा हात

एका राज्यात माघ शुद्ध पंचमीची सकाळ होती. आकाश निरभ्र, वारा उत्तरेचा, आणि ऊन इतके कोवळे की मांजरे छपरावरून उतरायला तयार नव्हती. अशा त्या सकाळी तांबट आळीत मेघडंबर नावाचा मांत्रिक आला. त्याच्या काखेत एक तांब्या होता, वाकडा, काळा पडलेला, बुडाशी गळणारा. तो त्याने लखू तांबटापुढे ठेवला, गळती बुजवायला सांगितले आणि नदीवर स्नानाला गेला.

लखू चाळिशी उलटलेला, हाताचा सफाईदार आणि मनाचा मोठा. त्या आळीची रीत अशी, की जुने भांडे आले की मोडीत घ्यायचे, वितळवायचे आणि त्याच तांब्याचे नवे ठोकायचे. त्यामुळे आजोबाने केलेले भांडे नातवाने कधी पाहिलेलेच नसे. लखूला मांत्रिकाची दया आली. एवढा मोठा माणूस, आणि जवळ असले भांडे. त्याने ते मुशीत टाकले आणि फळीवरचा सर्वांत देखणा नवा तांब्या चिंचेने घासून तयार ठेवला. मजुरी घ्यायची नाही, असेही त्याने मनाशी ठरवले.

मांत्रिक परतला. जुना तांब्या कुठे, म्हणून त्याने विचारले. लखूने हसत भट्टीकडे बोट दाखवले. ते बोट त्याच क्षणी तांब्याचे झाले.

“माझ्या गुरूच्या गुरूने तो ठोकला होता,” मेघडंबर म्हणाला. “त्याचे हात आता कुठेच उरले नाहीत. आजपासून या आळीच्या भांड्यांत पाणी ठरणार नाही. जे होते ते भांडे आण, जे आहे ते आण, जे होईल ते आण. चुकलास की आणखी एक बोट जाईल. होळीपर्यंत मुदत. तोवर झाले नाही तर तुझा हात माझ्या भिंतीला खुंटी म्हणून लागेल.”

“कोणता हात?”

“ज्याने तू हातोडा धरतोस तो.”

त्या राज्यातली माती रेताड, त्यामुळे तिथे कुंभार नव्हते. सगळा कारभार तांब्याच्या भांड्यांवर. घागर भरावी आणि दारापर्यंत येईतो ती कोरडी व्हावी, असे सुरू झाले. राजा सुलोचन पळसाच्या द्रोणातून पाणी पिऊ लागला. लोकांनी दुधी भोपळे पोखरले, करवंट्या घासल्या, बांबूचे नळे कापले. राजाने लखूला बोलावून रागावण्याचा बेत केला होता, पण द्रोण फुटून त्याचा अंगरखा भिजला आणि दरबार तिथेच संपला.

लखूची बायको धोंडाई म्हणाली की हात खुंटीला लागला तर निदान एका जागी सापडेल तरी. पण त्या दिवशी तिच्या भाकरी करपल्या.

आळीच्या वडावर टुकटुक करणारा एक हिरवा पक्षी राही. त्यालाही लोक तांबटच म्हणत. लखू झाडाखाली डोक्याला हात लावून बसला, तेव्हा पक्षी म्हणाला, “आमचे नाव लावून धंदा करतोस आणि एवढे कळत नाही? जे विहिरीत पडले ते तुझ्या मुशीत कसे पडेल?”

लखू गावाबाहेरच्या जुन्या बारवेवर गेला. दोराला गळ बांधून त्याने तळ चाचपला आणि शेवाळलेली एक घागर वर काढली. घागरीवर एक म्हातारी कासवीण बसून आली.

“खुशाल ने,” ती म्हणाली. “पण हिचा कारागीर कसा होता ते सांग.”

लखूने घागर एकदा फिरवून पाहिली आणि अडाणी होता म्हणून सांगितले. सांधा वेडावाकडा, ठोके तिरके. कासविणीने घागरीसकट बुडी मारली. लखूचे दुसरे बोट तांब्याचे झाले.

त्याने पुन्हा गळ टाकला. कासवीण पुन्हा वर आली. या वेळी तो पायरीवर बसला, बोटाने शेवाळ काढले आणि सावली सरकेपर्यंत घागर पाहत राहिला. मग सावकाश बोलला, “ठोके उलट्या अंगाने झुकलेले आहेत. हात डावखुरा होता. पत्रा पातळ मिळाला असावा, म्हणून दोन्ही कडा दातांसारख्या कापून एकमेकींत अडकवल्या आहेत. ओझ्याने सांधा उसवू नये म्हणून. आम्ही नुसती कडेवर कड चढवतो. हे मला येत नाही, आजी.”

“आता ने,” कासवीण म्हणाली.

पहिले भांडे मेघडंबराने ठेवून घेतले. दुसऱ्यासाठी लखूने आपला सर्वांत मोठा हंडा नेला, वेलबुट्टी काढलेला, आरशासारखा. यातले पाणी कोण पिते, असे मांत्रिकाने विचारले. कुणीच नाही, हा दिवाणखान्यात ठेवायचा, असे लखूने खरे ते सांगितले आणि तिसरे बोट गमावले.

घरी आल्यावर धोंडाईने पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक चेपलेला तांब्या बाहेर काढला.

“हा न्या. अहो, दर दिवाळीला मोडीत मागत होतात, म्हणून लपवला. माझ्या मुठीत याच्यासारखा दुसरा बसत नाही.”

तांब्याचा गळा तिच्या चार बोटांनी झिजून तिच्या मुठीसारखा झाला होता. लखूने आजवर हजारो गळे ओढले होते, पण मूठ कुठे बसते ते कधी पाहिले नव्हते. मेघडंबराने तांब्या धरला, ओंजळीत पाणी घेतल्यासारखा तोलला आणि आत ठेवला.

राहिले तिसरे. लखूने पंखांची घागर केली, मग चहूकडे तोंडे असलेला तांब्या. दोन्ही पाहून मांत्रिक पोट धरून हसला. लखूची उरलेली दोन बोटेही गेली. पंजा आता घंटेसारखा वाजू लागला. वडावरून पक्षी म्हणाला, “आता देवळात नोकरी मिळेल.”

होळी जवळ आली. लखू पाणवठ्यावर जाऊन बसला. तिथे गिरजाबाई नावाची मोळीविकी पाणी भरत होती. तिने बांबूचा लांब नळा भरला, दोरीने खांद्याला अडकवला आणि दोन्ही हात मोकळे ठेवून सरपण वेचू लागली. लखूने तिला थांबवले. शाप उतरला की तुला पहिली घागर फुकट देईन, म्हणाला.

“घागर नको रे बाबा,” गिरजाबाई म्हणाली. “शापाने माझी मान सुटली. डोक्यावर वाहून वाहून पार दबली होती. हा नळा उन्हात तडकतो, तेवढे काही होते का बघ.”

लखू तिच्या नळ्याकडे पाहत राहिला. मग धावत घरी गेला.

उजवा हात निकामी, म्हणून त्याने हातोडा डाव्यात धरला. ठोके तिरके पडू लागले, अगदी बारवेतल्या घागरीवरच्यासारखे, आणि ते कसे आवरायचे तेही त्या घागरीनेच शिकवले होते. उंच नळ्याचा सांधा पाण्याच्या भाराने फाकला असता, म्हणून त्याने कडांना दाते कापले. धोंडाईने पत्रा धरला. गळा तिच्या मुठीवर बेतला. वर दोरीसाठी दोन कान जोडले आणि तोंडाला झाकण बसवले. पक्षी वडावरून ठेका देत होता आणि चुकले की सांगत होता.

होळीच्या दिवशी आकाश स्वच्छ होते, ऊन तापले होते. राजा, आळी, सगळे नदीकाठी जमले. मेघडंबराने भांडे उलटसुलट पाहिले. असे भांडे आजवर कुणी पाहिले नाही, हे त्याने मान्य केले.

“गिरजाबाईला रोज दिसत होते,” लखू म्हणाला. “मला परवा दिसले.”

मांत्रिकाने दात्यांच्या सांध्यावरून बोट फिरवले. गळ्यावर मूठ बसवली. मग भांडे पाण्याने भरले, झाकण लावले आणि उन्हात ठेवले. धोंडाईने नवऱ्याचा थंड पंजा पदराखाली धरून ठेवला.

होळी पेटायच्या आधी झाकण काढले. पाणी भरले होते तेवढेच होते. लखूचा पंजा हाडामांसाचा झाला. नगरातल्या घागरींतही पाणी ठरू लागले. मोडीत आलेले भांडे आधी सगळ्या आळीने बसून पाहायचे, दर घाटाचे एक जपून ठेवायचे आणि मगच बाकीची मुशीत टाकायची, असा हुकूम राजा सुलोचनाने त्याच ठिकाणी काढला. नवे भांडे गिरजाबाईने खांद्याला अडकवून नेले. तसेच दुसरे मेघडंबराने मागितले आणि ते लखूने त्याला रंगपंचमीला दिले.