धाकू मेस्ताची फळी

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं घरात बजावलेलं आहे. कारण तिच्यातला नाखवा, म्हणजे गलबताचा मालक, आमचाच पूर्वज. आमच्या घरात ते गलबत खडकावर आपटून बुडालं असं सांगतात. ते खोटं आहे.

फार वर्षांपूर्वी, आमच्या खाडीला धक्कासुद्धा नव्हता तेव्हा, इथे धाकू मेस्त नावाचा सुतार राहायचा. लाकडावर नुसती बोटं टेकवून तो आतली कीड सांगायचा, असं म्हणतात. अनाजी नाखव्याने त्याला गलबताच्या मागच्या खोलीची, जिला आज आपण केबिन म्हणतो, तिची जमीन बदलायला बोलावलं. धाकूने जुन्या फळ्या उचलल्या आणि खाली हात घातला. तळाचं लाकूड भिजलेल्या भाकरीसारखं त्याच्या मुठीत आलं.

तो म्हणाला, "नाखवानू, खाली कुजलेला आसा. ह्याच्यार मी खिळो मारूचंय नाय."

नाखवा सगळ्यांसमोर हसला. "पाण्याचा भय वाटता तर घराक बसान पाट करा, मेस्तानू."

मग त्याने परगावचा सुतार आणला. फणसाच्या पिवळ्याधमक फळ्या ठोकल्या, त्यांना तेल पाजलं. धाकू सातही खलाशांच्या दारात जाऊन सांगून आला. पण नाखव्याने आधीच पसरवलं होतं, की काम गेलं म्हणून मेस्त जळतो.

मालाची पोती भरून गलबत निघालं तेव्हा धाकू पाण्यात उतरला आणि पोहत त्याने ते गाठलं. हातात हत्यार नव्हतं. उकडलेल्या माशातले काटे काढावेत तसे त्याने बोटांनी खिळे काढले, असं म्हणतात. फळ्या उघडल्या, तर खाली पाणी उसळत होतं. धाकू त्या भोकावर पाठ टेकून आडवा झाला आणि ओरडला, "उड्यो मारा!" तो आवाज खाडीपलीकडच्या डोंगरावर तीन दिवस घुमत होता.

आणि किनाऱ्यावरून आमचा नाखवा काय ओरडत होता? "आधी पोती काढा."

मला याचा इतका राग येतो की लिहिताना पेन रुततं.

सातही जण पोहून आले. सातव्याचे पाय वाळूला लागेपर्यंत गलबत हललं नाही. मग ते धाकूला घेऊन सरळ खाली गेलं.

तेव्हापासून आमच्या खाडीत कुठल्याही बोटीच्या केबिनमध्ये एक फळी खिळ्याशिवाय ठेवतात. तिला धाकूची फळी म्हणतात. निघण्याआधी तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, ती उचलतो, आत हात घालतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "धाकू, सुका आसा."

गेल्या आठवड्यात आमच्या बोटीच्या केबिनची जमीन बदलली. बाबांनी सगळ्या फळ्या ठोकून घेतल्या. असल्या जुन्या गोष्टी आता कोण मानतं, म्हणाले. आज दुपारी मी पक्कड घेऊन गेले. सहा खिळे निघाले, ते माझ्या कंपासपेटीत आहेत. मी फळी उचलून हात घातला. लाकूड भिजलेल्या भाकरीसारखं मुठीत आलं.

उद्या आठ जण त्या बोटीने निघणार आहेत.

"रेवते, केबिनमधले खिळे कोणी काढल्यान?" बाबा धक्क्यावरून हाक मारतायत, आणि आठही जण तिथेच उभे आहेत. मी मोठ्याने कधी बोलत नाही. पण आज मूठ उघडून सगळ्यांना सांगणार आहे, की आपल्या बोटीचा तळ कुजलाय.