कोल्होबांचे कोठार

बालमित्रांनो, डोंगराच्या पायथ्याशी एक जंगल होते आणि तिथे एक कोल्हा कोठार चालवत असे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, म्हणून मुंगी, उंदीर आणि खार आपापले दाणे त्याच्या ढोलीत ठेवत. "अगदी निश्चिंत राहा," कोल्हा म्हणे, "माझी झोप उडेल, पण तुमचा दाणा हलणार नाही."

झोप काही उडाली नाही, दाणे मात्र हलले. माकडांनी गोगलगायींची शर्यत ठेवली, तेव्हा कोल्ह्याने सगळे कोठारच पैजेवर लावले. त्याची गोगलगाय जोरात निघाली आणि अर्ध्या वाटेत पाला खात बसली. माकडांनी ढोलीतले दाणे झाडून नेले.

मग कोल्ह्याने असा गळा काढला की हत्तीने सभाच बोलावली. "कोठार बुडाले तर जंगल बुडाले!" कोल्हा हुंदके देत म्हणाला. सगळ्यांना भरून आले. संकटात सापडलेल्याच्या दारात प्रत्येकाने घरातले काहीतरी आणून ठेवायचे, असा तिथला रिवाज होता. हत्तीने केळ्यांचा घड ठेवला, उंदराने कणीस, मुंगीने तांदळाचा दाणा. खारीच्या घरी पिलांसाठी राखलेली एकच शेंग होती. तीही तिने आणली.

ढीग पाहून तिला धीर आला. "कोल्होबा, आता माझे दाणे द्याल ना? पिले सकाळपासून उपाशी आहेत."

"तुझे दाणे?" कोल्ह्याने डोळे पुसले. "ते गेले गं. ही तर मला मिळालेली मदत."

"पण गेले ते आमचे होते!"

"तुमचे होते, पण हरवले मी. म्हणजे नुकसान कोणाचे? माझे!"

हत्तीने मान डोलावली. मुद्दा त्याला कळला नव्हता, पण कोल्हा बोलला फार छान.

खार वाद घालत बसली नाही. ती ढिगावर चढली, आपली शेंग तोंडात धरली आणि घरी निघाली. उंदराने तिच्याकडे पाहिले आणि कणीस उचलले. मुंगीने तांदूळ डोक्यावर घेतला. हत्ती ओशाळून खाकरला. त्याने घड सोंडेत धरला आणि खारीच्या झाडाखाली नेऊन ठेवला.

"अहो, मग माझे काय?" कोल्हा ओरडला.

"हरवले तुम्ही, कोल्होबा," मुंगी जाता जाता म्हणाली, "तर शोधायलाही तुम्हीच जा. माकडे त्या वडावर बसली आहेत."

तात्पर्य : बुडालेल्याला जरूर वाचवावे, पण आधी बुडाले कोण ते पाहावे, सर्वांत मोठ्याने रडणारा तोच असेल असे नाही.